वाघघरातला दुसरा माणूस

जेवणाच्या टेबलावर पाच टोप्या होत्या, पाण्याच्या चार बाटल्या, एक दुर्बीण, औषधांची चपटी डबी, उन्हाचं मलम आणि बागेचा नकाशा. नकाशाचे कोपरे सारखे वर वळत होते, म्हणून त्यांवर चार चमचे ठेवले होते. जायची माणसं सहा. म्हणजे टोपी एक कमी, बाटल्या दोन कमी. धाकटीच्या ते लगेच लक्षात आलं, पण ती गप्प बसली. बोलली असती तर दादा म्हणाला असता, "आली काटेवाली."

ती वजनं-मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतले, दवाखान्यांतले, कारखान्यांतले काटे खरं बोलतात की नाही ते बघायचं. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं आणि घरातल्या चेष्टेलाही तेवढंच.

"रविवारी नऊला घर सोडायचं," दादा नकाशावर पेन टेकवत म्हणाला. "नऊला म्हणजे नऊला. तेव्हा कपडे निवडायला बसायचं नाही."

"माझ्याकडे कशाला बघतोस?" आई म्हणाली. "मागच्या खेपेला गाडीची किल्ली कोण शोधत होतं?"

"आणि सापडली कुठे?" वहिनी म्हणाली. "साहेबांच्याच खिशात."

"झालं तुमचं दोघींचं? आधी माकडं. मग पाणघोडा. मग ते काचेचं जुनं पक्षीघर. आणि सगळ्यात शेवटी, पोट भरल्यावर, वाघघर."

"पोट कुणाचं?" चिमणीनं विचारलं. ती दादाची मुलगी, सहा वर्षांची.

"तुझं भरल्यावर. म्हातारीचं नंतर."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "बंद?"

"बंद," टेबलाभोवतीची पाचही जणं म्हणाली. चिमणीच्या तोंडात घास होता, तरी म्हणाली.

हा या घरचा रिवाज होता. बाबांनी चौतीस वर्षं बागेतल्या वाघघरात राखणदारी केली होती. बाग शहराच्या मधोमध, शंभरावर वर्षांची. तिथली जुनी दगडी घरं जशीच्या तशी राखायची असा नियम होता, त्यामुळे बाकी सगळीकडे बटणं आणि मोटारी आल्या तरी वाघघरात सगळं हातानंच चालायचं. तिथं एकट्या माणसानं काही उघडायचं नसतं. एकजण बंद करतो आणि विचारतो, "बंद?" दुसरा स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि मगच म्हणतो, "बंद." त्यानंतर पुढचं दार. निवृत्त होऊन बाबांना सहा वर्षं झाली होती, पण घराचं दार, गॅस, गच्चीचा दरवाजा, पाण्याचा नळ, काहीही बंद केलं की ते विचारायचे आणि घरातलं जे कुणी असेल ते उत्तर द्यायचं. लग्न होऊन आलेल्या वहिनीला पहिला महिनाभर हसू यायचं. नंतर तीही म्हणायला लागली. चिमणी तर बोलायला शिकली तीच यात.

बाबा आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला. ते अंगानं रुंद होते, आणि बोलायचे असे की समोरच्यानं थोडं पुढे झुकावं.

"चेल्याशी बोललो," ते म्हणाले. "तो म्हणतो, मास्तर, फळी तुम्हीच टाकायची. शेवटची वेळ आहे, तुमचाच हात लागू दे."

चेला म्हणजे वाघघराचा आताचा राखणदार. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पण बाबांच्या हाताखाली तयार झालेला म्हणून अजून चेलाच. वाघघर आता दुरुस्तीसाठी बंद व्हायचं होतं आणि आतली एकुलती एक वाघीण, जिला सगळे म्हातारी म्हणत, दुसऱ्या गावी जायची होती. म्हातारीला तिच्या आईनं टाकलं तेव्हा बाबांनी बाटलीनं दूध पाजून तिला वाढवलं होतं. आई अजून ऐकवायची, "स्वतःच्या पोरांसाठी एकदा तरी मध्यरात्री उठलात का?" रविवारी बाबांनी तिला शेवटचं खाऊ घालायचं, आणि घरच्यांनी ते बघायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे दादानं ठरवलं होतं. त्यात त्यानं आपल्या डोक्यातून एक भरही घातली होती: मांसाची पाटी आत ठेवायला बाबांबरोबर चिमणी जाईल, आणि तो फोटो काढेल.

"पक्कं ना बाबा, ते आत जायचं?" वहिनीनं विचारलं.

"वाघीण बाहेरच्या आवारात असते. मधल्या वाटेवरची लोखंडी फळी खाली. आपण आत जायचं, पाटी ठेवायची, बाहेर यायचं. यात काय आहे?"

"तुम्ही आहात म्हणून. दुसरा कुणी असता तर हिला बागेच्या फाटकातसुद्धा सोडलं नसतं मी."

बाबा हसले आणि चिमणीच्या डोक्यावर त्यांनी एक टोपी घातली. तेवढ्यात खुर्च्यांखालून काहीतरी पिवळं सरकलं, एक उडी झाली आणि शेजाऱ्यांचं मांजर नकाशावर येऊन बसलं, बरोबर पाणघोड्याच्या तळ्यावर.

"वाघ आला," चिमणी म्हणाली. सगळे हसले. वहिनीनं मांजराला उचललं, आईनं त्याच्यावरून वहिनीला केसांचं काहीतरी सुनावलं, आणि गप्पा पुन्हा डब्यात काय न्यायचं यावर गेल्या.

धाकटी उठून बाहेरच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, चार बोटं. कडी मात्र पूर्ण बाहेर सरकवलेली होती. म्हणजे बाबांनी आधी कडी सरकवली होती आणि मग दार लोटलं होतं. कडी चौकटीवर आपटून थांबली होती. आवाज झाला असणार, दार लागल्यासारखाच. तिनं कडी मागे घेतली, दार लावलं, कडी पुन्हा सरकवली, आणि काही न बोलता जागेवर येऊन बसली.

एका चुकीवरून काही सिद्ध होत नाही, हे तिला प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. म्हणून ती बघत राहिली. लिहून काही ठेवलं नाही. बापाबद्दल असं लिहिणं तिला बरं वाटलं नाही. पण तिच्या डोक्यात आकडा आपोआप बसत होता. सोमवारी गॅसची शेगडी: बाबांनी विचारलं "बंद?", आईनं म्हटलं "बंद", आणि बटण अर्धं फिरलेलं होतं. मंगळवारी सगळं ठीक. बुधवारी गच्चीचं दार, पुन्हा तेच, कडी आधी, दार नंतर. बाबा कामं विसरत नव्हते. प्रत्येक काम करत होते. फक्त मधूनच एखादं अर्धं राहत होतं किंवा त्यांचा क्रम उलटा होत होता, आणि तसं झाल्याचं त्यांना कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेली तेव्हा बाबा नुकतेच नळ बंद करून, विचारून, उत्तर घेऊन बाहेर पडले होते. आई सिंकपाशी उभी राहून तोच नळ घट्ट करत होती. पाण्याची धार करंगळीएवढी होती. धाकटीला बघून आईचा हात तिथंच थांबला.

"आई, तुला माहीत आहे."

"काय?"

"कधीपासून?"

आईनं नळ पिळला, हात पदराला पुसायला घेतले आणि पुसतच राहिली. "तुला आत्ता दिसलं. मी गेल्या वर्षापासून मागून फिरतेय. ते पुढे, मी मागे. संसारात इतकी वर्षं तेच केलं, आता काय नवीन?"

"चेष्टा नको करूस."

"चेष्टा कुठे करतेय?" आईनं गाळणी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "हे बघ, डॉक्टरकडे नेणार आहे मी. रविवार झाला की सोमवारी. पण रविवार होऊ दे. त्या माणसाला विचारलंस आयुष्यात काय केलंत, तर काय सांगेल? ती एक जागा आहे त्याच्याकडे, जिथं अजून कुणी मास्तर म्हणतं. ती पण जायला निघाली. तेवढा एक दिवस त्यांच्याकडून काढून घेऊ नकोस ग."

"आई, चिमणी आत जाणार आहे."

"म्हणून तर दुसरा माणूस असतो ना? बघून सांगणारा. तू उभी राहा तिथं. तुझ्या नजरेतून काही सुटतं का कधी? चहात साखर कमी पडली तरी तुला कळतं."

धाकटीला हे पटलं. खरंच पटलं. पहिला चुकला तरी दुसऱ्यानं पकडावं, यासाठीच तर तो रिवाज होता. आपण तिथं उभं राहायचं, बघायचं, आणि फळी लागली नसेल तर "बंद" म्हणायचं नाही. बाबांचा रविवारही राहील आणि चिमणीही. ती कामावर गेली तेव्हा तिच्या छातीवरचा दगड अर्धा उतरला होता.

दुपारी तिच्या टेबलावर एका दवाखान्यातून आलेला काटा होता. तान्ह्या बाळांचं वजन करायचा. तिनं त्यावर दोन किलोचं प्रमाणित वजन ठेवलं. काट्यानं दोन किलो दाखवलं. छान. मग तिनं तीन किलोचं ठेवलं. काट्यानं दोन दाखवलं. तिनं सगळं काढून घेतलं. रिकाम्या ताटलीवर काटा दोन किलोच दाखवत होता, जराही न थरथरता. आतली कमान गंजून अडकली होती. किती बाळं त्या ताटलीवर झोपवली गेली असतील आणि किती नर्सांनी समाधानानं मान हलवली असेल, असं मनात येऊन ती खुर्चीत टेकली, आणि मग तिला आठवडाभरातली दुसरी बाजू दिसायला लागली, जी तिनं मोजलीच नव्हती.

ती बाबांच्या चुका मोजत होती. उत्तरं कुणी मोजली होती? शेगडी अर्धी चालू होती तेव्हा आई म्हणाली होती, "बंद." मांजर आलं त्या संध्याकाळी पाच माणसं म्हणाली होती, "बंद," आणि पाचांतल्या एकाचीही मान दाराकडे वळली नव्हती. त्या पाचांत ती स्वतः होती. बुधवारी गच्चीच्या दाराला तर तिनं एकटीनंच उत्तर दिलं होतं. बाबांवर पाळत ठेवायला म्हणून त्यांच्या मागेच उभी होती ती. आधी म्हणाली "बंद", आणि मग बघितलं. तेव्हा तिला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

बाबांच्या प्रश्नाला या घरात आजवर दुसरं उत्तर कुणी दिल्याचं तिला आठवेना.

संध्याकाळी तिनं दादाला इमारतीच्या खाली गाठलं. तो गाडीच्या डिकीत घडीच्या खुर्च्या बसवत होता. तिनं सगळं सांगितलं, आईनं नको म्हटलेलंही.

दादानं डिकी बंद केली आणि तिच्याकडे बघून हसला, पण ते हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "म्हणजे आता तू बाबांना तपासायला घेतलंस. शिक्का कुठे मारणार, कपाळावर?"

"बाबांना नाही. आपल्याला."

"आपल्याला काय झालंय?"

"डिकी बंद?" तिनं विचारलं.

"बंद."

"बघ."

त्यानं बघितलं. एका खुर्चीचा पट्टा फटीत अडकला होता आणि झाकण बोटभर वर होतं. त्यानं पट्टा आत ढकलला, झाकण आपटलं.

"हे घर आहे, धाकटे," तो शेवटी म्हणाला. "घरात कोण डोळे फाडून बघतं? तिथं समोर वाघ असेल. तिथं माणूस झोपेतसुद्धा नीट बघेल."

"असेल. मला माहीत नाही. म्हणून म्हणते, रविवारच्या आधी एकदा करून बघू. उद्या बागेला सुट्टी आहे. चेल्याला सांग, मास्तरांना साखळीचा अंदाज घ्यायचाय. झरोक्यापाशी तू उभा राहा. सगळं माहीत असून उभा राहा. आत कुणी जायचं नाही. नीट झालं तर मी एक अक्षर बोलणार नाही, चिमणीला टोपी घालून मीच घेऊन येईन."

"आणि नाही झालं तर?"

"तर तू बाबांना सांगायचं. मी नाही. मोठा तू आहेस."

दादानं किल्ली खिशात टाकली, पुन्हा काढली, पुन्हा टाकली. "बरं," तो म्हणाला.

शुक्रवारी बागेतल्या वाटा रिकाम्या होत्या. झाडून ढीग केलेली पानं जागोजागी पडली होती आणि पक्षीघराच्या काचांमागे काहीतरी एकसारखं ओरडत होतं, पण माणसांचा आवाज नसल्यामुळे ते फार जवळ वाटत होतं. बाबांनी जुना खाकी सदरा घातला होता. चेला फाटकापाशी आला, त्यानं वाकून बाबांच्या हातातली पिशवी घेतली.

"मास्तर, अंग उतरलं तुमचं."

"तुझं वाढलं. कुणीतरी समतोल राखायला नको?"

वाघघरात आधी वास आला. ओला दगड, फिनेल आणि खाली कुठेतरी जुनं रक्त. आत एक लांब अंधारा बोळ होता. बोळाच्या उजव्या हाताला म्हातारीची खोली: चार भिंती, फरशी, एक दगडी ओटा. खोलीला दोन वाटा. एक माणसांची, या बोळातून, जाड लोखंडी दाराची. दुसरी समोरच्या भिंतीतली, वाघिणीची, बाहेरच्या आवारात उघडणारी; तिच्यावर वरून खाली येणारी लोखंडी फळी. फळीची साखळी आणि खिटीचा दांडा दोन्ही बोळाच्या टोकाला, एका खांबाआड. साखळी सोडली की फळी खाली येते. मग दांडा ओढला की एक जाड खिटी फळीच्या पाठीवरच्या वीतभर उंच लोखंडी कानावर आडवी बसते आणि फळी कुणाला उचलता येत नाही. साखळीवाल्याला खांबामुळे यातलं काही दिसत नाही. तो फक्त ऐकतो. बघणारा बोळाच्या मध्यावर, गजांच्या झरोक्यापाशी असतो.

"फळी लागली की नाही हे कशावरून ओळखायचं?" दादानं चेल्याला विचारलं. त्याचा आवाज जरा मोठाच निघाला.

"खालून उजेड दिसता कामा नये. उजेड नाही म्हणजे बंद. मास्तरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं." चेला हसला. "खरं सांगू? मास्तर साखळीवर असले की मी नावालाच उभा असायचो. त्यांनी विचारलं म्हणजे बंद असायचंच."

धाकटीनं दादाकडे बघितलं. दादा झरोक्याकडे बघत होता.

गजांतून, खोलीपलीकडे, वर उचललेल्या फळीखालून आवार दिसत होतं. म्हातारी उन्हात, भिंतीच्या कडेला आडवी पडली होती. पोटाची कातडी सैल झालेली, एक डोळा पांढुरका. बाबा झरोक्यापाशी आले आणि त्यांनी जिभेनं हलकासा आवाज केला. वाघिणीचं डोकं उठलं नाही, पण दोन्ही कान इकडे वळले.

"ओळखलं," बाबा म्हणाले. मग ते बोळाच्या टोकाला, खांबाआड गेले.

पहिल्यांदा साखळी खडखडली, फळी ठणकन खाली आली, दांडा कुरकुरला. "बंद?" दादा वाकून बघत होता, नाक गजांना लागलेलं. तो मनात दोन अंक मोजण्याइतका थांबला. "बंद." धाकटीनं त्याच्या खांद्यावरून बघितलं. उजेड नव्हता. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा बाबांनी फळी इतकी हळुवार टाकली की आवाजही झाला नाही, आणि चेला कौतुकानं "वा" म्हणाला. बाबांचे हात साखळीवर असे फिरत होते की घरात कडी आधी आणि दार नंतर लावणारा माणूस हाच, यावर विश्वास बसू नये. धाकटीला आपली लाज वाटायला लागली. दादानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, भुवया उंचावल्या. तीही हसली. काय करणार.

"झालं समाधान?" तो हळूच म्हणाला. "काटेवाली."

"झालं."

"मग आता मला फोटोची जागा बघू दे." त्यानं मोबाइल काढला आणि झरोक्याच्या कठड्यावर टेकवून माणसांच्या दाराकडे रोखला, जिथून रविवारी चिमणी पाटी घेऊन आत जाणार होती. चेला त्याला उजेड कुठून येतो ते सांगायला लागला. खांबाआडून बाबा बोलत होते, त्यांच्या आवाजाला रंग चढला होता: म्हातारी पिल्लू असताना एकदा त्यांचा बूट घेऊन पाण्यात बसली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर येईना, आणि ते एका पायात बूट घालून घरी आले, आणि आई काय म्हणाली.

"काय म्हणाली?" चेल्यानं विचारलं. ही गोष्ट त्याला पाठ असणार.

"म्हणाली, दुसरा पण तिलाच देऊन यायचा."

सगळे हसले. हसण्यातच साखळी खडखडली, लोखंडावर लोखंड आपटलं, आणि बाबांनी विचारलं, "बंद?"

"बंद," दादा म्हणाला, मोबाइलमध्ये बघत.

"बंद," चेला म्हणाला.

आणि धाकटीनं तिसरा आवाज ऐकला, बारीक, हसरा, आणि तो तिचा स्वतःचा होता.

बाबा खांबाआडून बाहेर आले. माणसांच्या दाराचं कुलूप त्यांनी सवयीनं, न बघता काढलं. आत कुणी जायचं नाही असं ठरलं होतं, पण ते इतरांचं ठरलं होतं. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि उत्तरानंतर आत जायचं असतं. ते आत गेले. ओट्यापाशी वाकून त्यांनी फरशीवर बोट फिरवलं.

"हा ओटा नीट धुतला नाहीस रे," ते चेल्याला म्हणाले.

दार उघडल्यामुळे धाकटीला समोरची भिंत सरळ दिसत होती. फळीखाली फरशीवर उन्हाचा पट्टा होता. आधी तिला ते फक्त ऊन वाटलं. खोलीत ते कुठून आलं, हे समजायला तिला एक श्वास लागला. दांडा आधी ओढला होता आणि साखळी नंतर सोडली होती. खिटी कानावर बसायच्या ऐवजी फळीचा कानच खिटीवर येऊन टेकला होता, म्हणून फळी खालपर्यंत आलीच नव्हती.

पट्ट्यात डावीकडून एक सावली आली. मग दुसरी. सावल्या थांबल्या, आणि त्यांच्या मध्ये, खाली, फरशीवरचा भुसा हलला. कुणीतरी नाक लावून हुंगत होतं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. "बाहेर या."

"थांब ग, हे बघू दे."

"बाबा. उजेड आहे."

बाबांनी मागे बघितलं नाही. त्यांची पाठ सरळ झाली. ते पळाले नाहीत. चौतीस वर्षांत ते त्या खोलीत कधी पळाले नव्हते. एक पाऊल मागे, मग दुसरं, तोंड ओट्याकडेच, आणि तिसऱ्या पावलाला चेल्याचा हात त्यांच्या सदऱ्याला लागला. दार लागलं. कुलूप लागलं. चेल्यानं ते दोनदा ओढून पाहिलं. "बंद?" असं कुणी विचारलं नाही. खोलीत आतून लोखंड एकदा वाजलं, वर उचलल्यासारखं, आणि पुन्हा खाली बसलं.

दादा झरोक्यापाशी होता. मोबाइल त्याच्या हातात उलटा होता. "मी बघितलं होतं," तो म्हणाला. "तीनदा बघितलं होतं मी."

"मास्तर, खिटी जुनी झालीये," चेला घाईघाईनं म्हणाला. "कधीकधी अडकते. तुमची काही..."

"खिटी अडकत नाही," बाबा म्हणाले.

ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आपले दोन्ही हात समोर धरले, आधी उजवा बघितला, मग डावा, जणू कुठल्या हातानं काय आधी केलं ते त्यांवर दिसणार होतं. मग त्यांनी दादाकडे बघितलं, चेल्याकडे बघितलं, आणि शेवटी धाकटीकडे बघून तिथंच थांबले.

"तू पण म्हणालीस," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"रविवारी इथं चिमणी असणार होती."

"हो."

दादानं तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला.

"तुझ्याकडे टेप असते ना?"

"आहे."

"मोज."

"बाबा, कशाला आता," दादा म्हणाला. "राहू दे. आपण घरी..."

"तुम्ही तिघांनी मला सांगितलं, बंद," बाबा म्हणाले. "मला आता किती उघडं होतं ते ऐकायचंय. अंदाजानं नको. घरी तुझ्या आईला सांगायचंय, आणि सूनबाईला. सांगणार मी."

चेल्यानं पाटी सरकवायची, टोकाला हातभर खाली वळवलेली लांब लोखंडी सळई आणून दिली. धाकटीनं ती झरोक्याच्या गजांतून आत घातली. पलीकडच्या सावल्या मागे सरेपर्यंत ती थांबली. मग तिनं सळईचं टोक फरशीवर टेकवून तिचा वळवलेला भाग फळीच्या कडेला उभा धरला, कडेच्या रेषेत सळईवर कुठला गंजाचा डाग येतो ते नीट बघून ठेवलं, सळई बाहेर घेतली आणि बोळातल्या दिव्याखाली टोकापासून डागापर्यंत टेप लावली. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. तिनं पुन्हा सळई आत घातली आणि पुन्हा मोजलं.

दोन्ही वेळा सत्तावीस सेंटिमीटर.